आजोळची वाट

मराठींत ‘आजोळ’ हा शब्द असा आहे कीं, तो कानांवर पडतांच साठी उलटलेल्या माणसाचा चेहराहि क्षणभर मऊ होतो. आजोळ म्हणजे सुटी, आजोळ म्हणजे लाड, आजोळ म्हणजे मागाल तें मिळण्याची जागा, अशी सर्वसाधारण समजूत आहे; आणि ती कांहीं खोटी नाहीं. परंतु तेवढ्यावर आजोळाचा हिशेब मिटवूं नये, असें मला वाटतें. आईबापांपासून मुलाला आजचें जग मिळतें. कालचें जग त्याला मिळतें तें आज्याआजीकडूनच. तें मिळावयाचें तर दोन गोष्टी लागतात : एक, पलीकडे सांगणारें माणूस, आणि दुसरी, त्या माणसापर्यंत जाणारी वाट. ह्या दुसऱ्या गोष्टीचा विचार आपण सहसा करीत नाहीं. आज मी आपणांस अशाच एका वाटेविषयीं आणि तिच्या टोंकाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्याविषयीं चार शब्द सांगणार आहें.

ही वाट साताऱ्याहून सांगलीस जाते. लांबी सुमारें सव्वाशें किलोमीटर. जुन्या हिशेबानें पाऊणशें मैलांहून थोडी अधिक. आमचें घर साताऱ्यास आणि आईचें माहेर सांगलीस. आज हीं शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांचीं ठाणीं आहेत. परंतु माझ्या आजोबांचा जन्म १८९० च्या सुमाराचा, त्यांच्या लेखीं हीं दोन निराळीं राज्यें होतीं. साताऱ्याचें राज्य इंग्रजांनीं १८४८ सालीं खालसा केलें. सांगली मात्र पटवर्धनांचें संस्थान म्हणून १९४८ च्या मार्च महिन्यापर्यंत नांदत होती. त्यामुळें आजोबांच्या तोंडीं आम्ही नातवंडें कायमचीं ‘खालशांतलीं मंडळी’, आणि ते स्वतः ‘संस्थानी’. पुढें १९४९ सालीं जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. सांगली दक्षिण साताऱ्यांत गेली, आणि १९६० सालीं त्या जिल्ह्याला सांगलीचें नांव मिळालें. मधलीं अकरा वर्षें सांगलीकराला आपल्या पत्त्यांत ‘सातारा’ हा शब्द घालावा लागला, ह्याची आजोबांना मोठी गंमत वाटे. ‘मुलगी साताऱ्यास दिली, तर साताराच माझ्या दाराशीं चालून आला,’ असें ते म्हणत.

त्यांच्या तरुणपणीं पश्चिमेकडून सांगलीस येणाऱ्याला कृष्णा नावेनें ओलांडावी लागे. १९२९ सालीं आयर्विन पूल खुला झाला आणि नाव मागें पडली. त्यानंतर १ जून १९४८ रोजीं पुण्याहून तेव्हांच्या अहमदनगरास सरकारी मोटार पहिल्यानें धांवली, आणि थोड्याच वर्षांत एस्. टी. ची लाल गाडी आमच्याहि मुलखांत घरोघरच्या बोलण्यांत येऊन बसली. बैलगाडी, नाव, पूल, एस्. टी. असा ह्या वाटेचा सारा प्रवास एका माणसानें आपल्या एका आयुष्यांत पाहिला होता. आम्हां मुलांना मात्र वाटे कीं, लाल गाडी ही सृष्टीच्या आरंभापासूनच आहे.

माझें बालपण १९६० नंतरच्या दशकांतलें. वर्षांतून दोनदां, उन्हाळ्याच्या सुटींत आणि दिवाळींत, आई आम्हां तिघां भावंडांना घेऊन सांगलीस जाई. आदल्या रात्रीं दशम्या व शेंगदाण्याची चटणी होई. आजोबांसाठीं कंदी पेढ्यांचा पुडा येई, आणि तो सांगलीपर्यंत न फुटतां पोंचावा म्हणून आई तो आपल्या मांडीवर धरून बसे. गाडींत खिडकीची जागा आम्ही गांवांच्या हिशेबानें वांटून घेत असूं. साताऱ्यापासून उंब्रजेपर्यंत एकाची, उंब्रजेपासून पेठेपर्यंत दुसऱ्याची, तेथून पुढें धाकटीची. नागठाणें, अतीत, उंब्रज, कराड, कासेगांव, पेठ, इस्लामपूर, आष्टा, तुंग, डिग्रज, सांगलवाडी हीं नांवें मीं भूगोलाच्या पुस्तकांत वाचण्यापूर्वींच मला पाठ होतीं. पुढें शाळामास्तरकींत उभें आयुष्य गेलें. नकाशा मुलांच्या डोक्यांत उतरविण्याची ह्याहून चांगली रीत मला सांपडली नाहीं.

पेठेच्या नाक्याशीं पुणें–बंगलोर रस्ता सोडून गाडी डावीकडे वळे, आणि तेथें एक चमत्कार घडे. त्या वळणापर्यंत आमची आई आमची आई असे : पदर सांवरणारी, मोजकें बोलणारी, आम्हांला दटावणारी. वळण संपलें कीं ती कुणाची तरी मुलगी होई. शेजारच्या अनोळखी बाईला ती आपण होऊन विचारी, ‘तुम्ही सांगलींत कुठल्या?’ दोन्ही बाजूंस ऊंस दिसूं लागे, काळी जमीन सुरू होई, हंगाम असला तर गुऱ्हाळाचा गोड वास येई. आणि आई आम्हांला आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगूं लागे. त्या गोष्टी साताऱ्याच्या घरांत तिनें कधीं सांगितल्या नाहींत. सासरीं तिला वेळ नसे, हें एक कारण. आणि विचारणारेंहि कुणी नसे, हें दुसरें. आपल्या आईला स्वतःचें असें एक बालपण होतें, हा शोध मला त्या रस्त्यावर लागला.

ह्या वाटेचें आणखी एक वैशिष्ट्य आजोबांनीं आम्हांला दाखविलें. ते तिला ‘तीन संगमांची वाट’ म्हणत. साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेला वेण्णा मिळते. कराडास कोयना मिळते. आणि सांगलीच्या खालीं हरिपुरास वारणा मिळते. रस्ता नदीच्या पश्चिमेनें जातो, कृष्णा कोठें दिसते, कोठें दिसत नाहीं. परंतु ती बरोबर असते. ‘तुम्ही गाडीनें पांच तासांत येतां, ती पायीं येते, म्हणून तिला उशीर लागतो,’ असें आजोबा सांगत. ह्या बोलण्यामुळें आम्हां भावंडांना एक छंद जडला. निघण्यापूर्वीं एखाद्या रविवारीं माहुलीस जावें, पाण्यांत बेलाचें पान सोडावें, आणि सांगलीस पोंचल्यावर घाटावर उभें राहून तें येतें कीं काय तें पाहावें! पान कधीं आलें नाहीं. परंतु साताऱ्याचें पाणी सांगलीस येतें, म्हणून साताऱ्यानें तें घाण करूं नये, हा नागरिकशास्त्राचा धडा मला त्या पानानें शिकविला.

आतां खुद्द आजोबांविषयीं. आई त्यांना अण्णा म्हणे. सांगली ही हळदीची पेठ, हें आपण जाणतांच. आजोबा तेथें एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. चाळीस वर्षें त्यांनीं एकाच गादीवर बसून जमाखर्च लिहिला. उंच, किडकिडीत, डोक्याला काळी टोपी, आणि उजव्या हाताच्या बोटांना पिवळा व काळा असे दोन रंग : पिवळा हळदीचा, काळा शाईचा. ते आमचे मुके घेत नसत, कीं मांडीवर घेत नसत. गाडी सांगलीच्या स्टँडावर येई तेव्हां ते कठड्यापाशीं उभे असत, आणि आम्ही उतरतांच पहिलें वाक्य ठरलेलें असे : ‘डोकीं मोजा, मग सामान मोजा.’ हें त्यांचें प्रेम होतें. तें तसेंच ओळखावें लागे, आणि मुलांना तें बरोबर ओळखतां येतें.

सुटींत एकदां तरी ते आम्हांला हरिपुरास नेत. टांगा ठरलेला असे. येतांना मात्र चालत यावयाचें, असा नियम होता. प्रथम संगमेश्वराचें दर्शन, मग संगमाचा घाट, आणि त्यानंतर आजोबांचें खरें दैवत, म्हणजे हळदीचीं पेवें. पेव म्हणजे जमिनीच्या पोटांत खणलेली खोल कोठी : तोंड अरुंद, आंत पोट मोठें, तळाला व कडेला पाचट. तेथली माती अशी कीं, तींत पाणी झिरपत नसे; वर्षानुवर्षें हळद आंत राहिली तरी तिला कीड लागत नसे. तोंड मातीनें बंद केलें कीं वरून कांहीं दिसावयाचें नाहीं. आपण ज्या जमिनीवरून चालतों तिच्याखालीं लाखोंची संपत्ति निजलेली आहे, हें अनोळखी माणसाला कळतहि नसे. पेव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, कोंडलेल्या हवेनें माणूस गुदमरतो. आधीं दिवा सोडून पाहावा, दिवा जळत राहिला तर माणसानें जावें. शास्त्राचा हा नियम मला शाळेंत प्राणवायूचा धडा येण्याच्या तीन वर्षें आधीं कळला होता.

ह्या पेवांवरूनच त्यांनीं मला एक हकीकत सांगितली. आष्ट्याकडील एका शेतकऱ्यानें हळद पेवांत ठेवली आणि त्याच वर्षीं तो वारला. तीन वर्षांनीं त्याची विधवा पेढीवर आली. हातांत पावती नाहीं, साक्षीला कुणी नाहीं, नवऱ्यानें किती पोतीं ठेवलीं तें ठाऊक नाहीं. आजोबांनीं खतावणी काढली, त्या सालचें पान उघडलें, आणि पोत्यांची संख्या वाचून दाखविली. तिचा माल तिला मिळाला. ही गोष्ट सांगून ते म्हणाले, ‘बाळ, माणूस जातो, पावती जाते, लिहिलेलें राहतें. म्हणून लिहितांना खाडाखोड करूं नये.’ मी त्या वेळीं नऊ वर्षांचा होतों. पुढें शेंकडों मुलांना मीं शुद्धलेखन घातलें. पण लिहिण्याचें कारण मला ह्याहून चांगल्या शब्दांत सांगतां आलें नाहीं.

हरिपुराहून परत चालतांना ते जुन्या गोष्टी सांगत. हरिपूर हें ‘शारदा’ नाटक लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचें गांव. तें नाटक १८९९ सालीं रंगभूमीवर आलें तेव्हां आजोबा आठनऊ वर्षांचे होते. म्हाताऱ्या नवऱ्यांच्या लग्नांना तेव्हांपासून लोक हसूं लागले, असें ते सांगत. आणि ‘कायद्याला जें जमत नाहीं तें हसण्याला जमतें,’ अशी पुस्ती जोडीत. त्यांच्या लहानपणीं त्यांची स्वतःची आजी हयात होती. विष्णुदास भाव्यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं सांगलीस संस्थानिकांपुढें ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला, त्या वेळीं ती सातआठ वर्षांची असावी. तिनें कांहीं तो पाहिला नाहीं. मुलींना तेथें कोण नेणार? परंतु त्या दिवसांत गल्लींतलीं मुलें काठ्यांचीं धनुष्यें करून मोडीत, आणि मोडलीं म्हणून घरीं मार खात, हें तिला आठवत होतें. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ सालीं पदच्युत होऊन काशीस गेले, ही वार्ता वडील माणसें हलक्या आवाजांत कशी बोलत, हेंहि तिनें मोठ्यांच्या तोंडून ऐकलें होतें.

श्रोतेहो, जरा विचार करा. मी आपणांशीं आज बोलत आहें; मला आजोबांनीं सांगितलें, त्यांना त्यांच्या आजीनें. म्हणजे माझ्यापासून दोन माणसांच्या अंतरावर मराठी नाटकाचा पहिला खेळ उभा आहे. इतिहासाच्या पुस्तकांत तें एक साल आहे. आमच्या घरांत ती मोडलेल्या धनुष्यांची आणि खाल्लेल्या माराची आठवण आहे. आज्याआजीकडून मुलाला जें मिळतें तें हें. इतिहास दूर नाहीं, तो दोन हातांवर आहे, ही खात्री त्यानें होते.

आतां एका प्रसंगाकडे वळतों. जुन्या रीतीप्रमाणें आजोबा मुलीच्या घरचें अन्न घेण्यास नाखूष असत. नातवंडें झाल्यावर ती बंदी ढिली होते, हें खरें. तथापि ते साताऱ्यास क्वचितच येत, आले तर एका दिवसावर राहत नसत, आणि निघतांना जेवणाच्या किंमतीहून अधिक पैसे आम्हां मुलांच्या हातांवर ठेवीत. आमच्या वाटेला जणूं एकच दिशा होती : आम्ही जावयाचें, त्यांनीं वाट पाहावयाची.

११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनीं कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगरच्या आसपास पावणेदोनशेंच्या घरांत माणसें दगावलीं. हादरा पुण्यामुंबईपर्यंत जाणवला. साताऱ्यास आमच्या घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. वडील नोकरीनिमित्त परगांवीं होते. आई आम्हांला घेऊन अंगणांत बसली. सारी आळीच उघड्यावर आली होती. दुसऱ्या दिवशीं दुपारीं पाहतों तों दारांत आजोबा! वय सत्त्याहत्तर. एका हातांत कंदील, दुसऱ्या हातांत शेंगदाण्याची पिशवी. आंत न येतां त्यांनीं प्रथम आमच्याकडे बोट करून मोजलें : ‘एक, दोन, तीन, आणि ही चौथी.’ चौथी म्हणजे आई. ती त्या वेळीं छत्तीस वर्षांची होती, आणि ती पदरांत तोंड लपवून लहान मुलीसारखी रडली.

धक्के चालूच होते. तीन रात्री आम्ही सारीं अंगणांत, डिसेंबरच्या थंडींत, निजलों. चौथ्या रात्रीं आजोबांनीं भिंतीची चीर कंदिलानें नीट पाहिली, तिच्यावर दोन ठिकाणीं कागदाची पट्टी चिकटविली, आणि म्हणाले, ‘दिवसभरांत कागद फाटला नाहीं तर भिंत हललेली नाहीं.’ दुसऱ्या दिवशीं कागद शाबूत होता. त्या रात्रीं ते एकटेच आंत जाऊन, त्या भिंतीपाशीं पथारी पसरून निजले. आम्ही बाहेरून त्यांचें घोरणें ऐकत होतों. सहाव्या रात्रीं आम्हीहि आंत गेलों. धीर धरा, असें त्यांनीं एकदांहि म्हटलें नाहीं. पेवांत आधीं दिवा सोडावा, मग माणसानें उतरावें; ह्या खेपेस दिवा ते स्वतः झाले होते. ते नऊ दिवस राहिले, मुलीच्या घरचें जेवले, आणि जातांना आमच्या हातांवर पैसे ठेवावयाचे विसरले. आईला त्या विसरण्याचा जो आनंद झाला, तो तिनें जन्मभर सांगितला.

१९७१ सालीं आजोबा गेले. आमचें सांगलीचें जाणें हळूहळू कमी झालें, जसें तें सर्वांच्याच घरीं होतें. त्यांच्या वस्तूंपैकीं आईनें एकच मागून घेतली : त्यांची घरगुती रोजकीर्द. ती मोडींत होती. आईला मोडी येत नव्हती, आणि आमच्या वेळीं शाळांतून मोडी गेली होती. वही ट्रंकेंत राहिली. मी नोकरींतून निवृत्त झाल्यावर मोडीच्या वर्गास जाऊन बसलों आणि दीड वर्षानें ती वही वाचावयास घेतली. तीत भावना अशी कोठें नाहीं. सगळा पैआण्यांचा हिशेब, आणि तोहि नवे पैसे येऊन कैक वर्षें झालीं तरी आण्यांतच. परंतु आम्ही येत असूं त्या प्रत्येक तारखेस एक ओळ आहे : ‘साताऱ्याहून मुलें आलीं’, आणि पुढें गाडी किती वाजतां आली तें. दुसऱ्या दिवशीं ‘खाऊ’, ‘टांगा हरिपूर’. आम्ही निघालों त्या तारखांस एवढेंच : ‘गाडी वेळेवर सुटली.’ आणि १९६७ च्या डिसेंबरांत, ‘साताऱ्यास गेलों. चौघें सुखरूप.’ त्याखालीं नऊ दिवस वही कोरी आहे. चाळीस वर्षें ज्यानें एक दिवस कोरा सोडला नाहीं, त्याचीं तीं नऊ दिवसांचीं पानें मी आईला दाखविलीं तेव्हां तिनें त्यांवरून हात फिरविला. वाचावयाचें तर कांहींच नव्हतें.

मधल्या काळांत पुष्कळ गोष्टी गेल्या. २००५ च्या महापुरांत हरिपुरचीं पुष्कळशीं पेवें पाण्याखालीं जाऊन निकामी झालीं. २०१९ सालीं आयर्विन पुलापाशीं कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर चढली. तेथें धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट धरतात. आजोबांचें घर नदीकडच्या भागांत होतें. त्या दोन पुरांत त्यानें तग धरला नाहीं. आज त्या जागीं दुसऱ्यांची इमारत आहे. रस्ता रुंद झाला, गाडी निम्म्या वेळांत पोंचते, आणि वाटेंतलीं गांवें बाजूच्या पाट्यांवर राहिलीं. ह्याचें मला दुःख करावयाचें नाहीं. आजारी माणूस लवकर दवाखान्यांत पोंचतो, हें कांहीं वाईट नव्हे. परंतु जें घर, जीं पेवें आणि जी वाट मीं पाहिली, तिचा पुरावा म्हणून आज माझ्यापाशीं एक मोडी वही उरली आहे. आणि ती वाचतां येते म्हणूनच ती पुरावा आहे, नाहीं तर रद्दी होती.

म्हणून आपणां शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांना माझी विनंति अशी आहे. आपल्या घरीं कागद आहेत, दप्तरें आहेत. मोडीचे वर्गहि आज ठिकठिकाणीं चालतात. घरांतल्या एकानें तरी ती लिपि शिकावी. आज्याआजीचा चेहरा दूरध्वनीच्या कांचेवर रोज पाहतां येतो, ही मोठी सोय आहे; परंतु तेवढ्यावर भागवूं नये. वर्षांतून एकदां तरी मुलांना त्यांच्या गांवीं न्यावें, आणि शक्य तर जुन्या, वांकड्या, गांवांतून जाणाऱ्या रस्त्यानें न्यावें. वाटेंत आईनें आपल्या लहानपणचें सांगावें, बापानें आपल्या. तेथें पोंचल्यावर म्हाताऱ्या माणसाला ‘तुमच्या वेळचें सांगा’ असें म्हणूं नये. अशा प्रश्नाला तें गप्प बसतें. त्याच्या हाताला जें काम येत असे त्याविषयीं विचारावें : पेव कसें खणीत, नाव कोठें लागे, हिशेब कसा लिहीत. मग तें आपण होऊन बोलतें. आणि जें बोलेल तें त्याच रात्रीं, नांव, गांव नि साल घालून, कुणीं तरी लिहून ठेवावें. खाडाखोड न करतां.